मेसेजमध्ये गणित लिहायचं, तर कंस सोडू नका

क्ष = ५ आणि य = ४ असेल, तर या ओळीची किंमत किती?

क्ष + १ / य - २

ही ओळ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तर उत्तरं चार प्रकारची येऊ शकतात. पाठवणाऱ्याच्या वहीत बहुधा वर क्ष + १, मध्ये आडवी रेघ आणि खाली य − २ असं होतं, म्हणजे ६ भागिले २, उत्तर ३. ओळ जशी आली तशी नियमाने सोडवली, तर फक्त १ ला य ने भागायचं, उत्तर ३.२५. एखादीने सगळ्या क्ष + १ ला य ने भागून मग २ वजा केले, तर उणे ०.५. आणि कुणी १ ला य − २ ने भागून ते क्ष मध्ये मिळवलं, तर ५.५.

चारही मुलांची आकडेमोड बिनचूक आहे. तरी चार उत्तरं आली, कारण वहीतून मेसेजमध्ये येताना एक गोष्ट गळून पडली. ती कोणती, हे एकदा ध्यानात आलं की फोनवर गणित लिहिणं अवघड राहत नाही.

आपण बोलतो ते एकामागून एक शब्द, एका ओळीत. गणित कागदावर तसं नसतं. घातांक उजवीकडे वर बसतो, निर्देशांक खाली बसतो, अपूर्णांकात अंश वर आणि छेद खाली, वर्गमूळाची रेघ डोक्यावरून लांबवर जाते. चिन्हाइतकाच त्याच्या जागेलाही अर्थ असतो. मेसेज मात्र एकच ओळ ओळखतो. त्यात वर नाही, खाली नाही. त्यामुळे जागेने जे सांगितलं होतं ते सगळं मेसेजमध्ये दुसऱ्या कशाने तरी सांगावं लागतं, आणि ते सांगायला आपल्याकडे एकच भरवशाचं साधन आहे: कंस.

अपूर्णांकाची आडवी रेघ बघा. ती दोन कामं करते. पहिलं काम सगळ्यांना माहीत आहे, भागाकार. दुसरं काम शाळेत कुणी मुद्दाम सांगत नाही: ती वरच्या सगळ्या मजकुराला एक गठ्ठा करते आणि खालच्या सगळ्या मजकुराला दुसरा. म्हणजे रेघेच्या वर एक न दिसणारा कंस आहे आणि खाली दुसरा. आपण रेघेच्या जागी तिरकी रेघ टाकतो, तेव्हा भागाकार पोचतो, कंस मात्र मागे राहतात. ते आपल्या हाताने परत घालायचे:

(क्ष + १) / (य - २)

आता चारही मुलांचं उत्तर ३ येईल.

वर्गमूळाचंही तसंच. फोनवर √ चिन्ह मिळतं, पण त्याची लांब रेघ मिळत नाही. √९ + १६ असं लिहिलं, तर ते ३ + १६ म्हणजे १९ की २५ चं वर्गमूळ म्हणजे ५? छापील पुस्तकात रेघ कुठवर गेली आहे ते पाहून क्षणात कळतं. मेसेजमध्ये √(९ + १६) लिहायलाच हवं. चिन्ह सापडलं नाही तर वर्गमूळ(९ + १६) लिहा. दिसायला ते साधं आहे, पण अर्थ पुरेपूर पोचतो.

घातांकात तर नजरेला चूक दिसतही नाही. फोनवर घातासाठी ^ लिहितात. २^३ + १ म्हणजे ९. २^(३ + १) म्हणजे १६. कागदावर + १ वर चढलेलं आहे की खाली उतरलेलं, एवढाच फरक असतो.

आता क्रमाबद्दल. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला 'कंचेभागुबेव' पाठ असतं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. हा शब्द फार उपयोगी आहे, पण त्यात एक खाच आहे आणि ती मेसेजमध्ये नेमकी लागते. गणिताचा प्रत्यक्ष नियम असा की भागाकार आणि गुणाकार यांचा मान सारखा, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. बेरीज आणि वजाबाकीचंही तसंच. 'भागु' मध्ये भागाकार आधी म्हटला आहे. त्याने नुकसान होत नाही, कारण भागाकार आधी करा किंवा डावीकडून उजवीकडे जा, उत्तर तेच येतं. १२ × ६ ÷ ३ करून पाहा, दोन्ही वाटांनी २४. पण 'बेव' मध्ये तसं नाही. १० − ३ + २ मध्ये बेरीज आधी केली तर १० − ५ म्हणजे ५, आणि डावीकडून गेलं तर ९. बरोबर उत्तर ९. पाठ केलेला शब्द अक्षरशः पाळणारं हुशार मूल इथे चुकतं, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. हे शिक्षकांनी एकदा फळ्यावर करून दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

'चे' मुळे होणारा घोळ आणखी खोल आहे. १/२क्ष म्हणजे क्ष चा अर्धा, की १ भागिले २क्ष? क्ष = ४ घेतला, तर एकाचं उत्तर २ आणि दुसऱ्याचं एक अष्टमांश. समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी ६ ÷ २(१ + २) सारखं कोडं फिरतं आणि १ की ९ यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. २ आणि कंस एकमेकांना चिकटलेले आहेत म्हणून तो गुणाकार आधी करायचा का, यावर सगळीकडे एकच संकेत पाळला जात नाही, एवढंच त्या भांडणाचं मूळ. असली ओळ सोडवत बसण्यापेक्षा ती पाठवणाऱ्याला परत पाठवावी आणि कंस मागावा.

यंत्रंही याला अपवाद नाहीत. एक्सेलमध्ये =-३^२ हे इंग्रजी आकड्यांत टाकून पाहा, उत्तर ९ येतं; पाठ्यपुस्तकाच्या नियमाने ते उणे ९ आहे. २^३^२ ला एक्सेल ६४ म्हणतं, कारण ते डावीकडून जातं. गणितात वरचा घात आधी काढतात, म्हणून ५१२. उणे संख्येचा घात असो किंवा घाताचा घात, तिथे कंस हवाच.

हे ^ चिन्ह घातासाठी का वापरतात? त्याचं कारण टंकयंत्रांच्या आणि जुन्या संगणकांच्या कळपाटीत, म्हणजे कीबोर्डमध्ये आहे. १९५७ साली आयबीएमची फोरट्रान ही संगणकभाषा आली. उपलब्ध चिन्हांत गुणाकाराची फुली नव्हती आणि वर चढलेला आकडा लिहिण्याची सोय तर नव्हतीच. म्हणून गुणाकाराला एक तारका आणि घाताला दोन तारका ठरल्या. १९६३ साली अमेरिकेत आस्की नावाची चिन्हांची प्रमाण यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात वर जाणारा बाण ↑ होता, आणि १९६४ च्या बेसिक या संगणकभाषेत घातासाठी तोच वापरला होता. 'वर चढव' हे सांगायला बाणाइतकं बोलकं चिन्ह दुसरं नाही. १९६७ च्या सुधारणेत त्या बाणाची जागा ^ ने घेतली. बाण गेला, त्याचं टोक राहिलं, आणि घाताचं काम त्या टोकाकडे आलं. आज आपण फोनवर क्ष^२ लिहितो ते त्या वारशाने.

त्या यादीत एकूण १२८ जागा होत्या आणि त्यांतली छापता येणारी चिन्हं फक्त ९५. +, −च्या जागी साधी जोडरेघ, *, /, =, <, > आणि कंस एवढं मिळालं. ×, ÷, √, ≤ यांना जागा मिळाली नाही. म्हणून 'पेक्षा मोठे किंवा समान' हे आजही लोक >= असं दोन चिन्हांनी लिहितात, आणि ते सगळीकडे समजतं.

गुणाकाराच्या फुलीची अडचण त्याहून जुनी आहे. इंग्लंडच्या विल्यम ऑट्रेडने १६३१ साली × छापलं. जर्मन गणिती लायबनिझला ते पसंत नव्हतं, कारण ते एक्स या अक्षरासारखं दिसतं. १६९८ सालच्या एका पत्रात त्याने त्याऐवजी टिंब सुचवलं. आपल्याला फोनवर दोन्ही अडचणी येतात. फुलीऐवजी एक्स टाकलं तर ते चल वाटतं, आणि टिंब टाकलं तर २.३ म्हणजे दोन गुणिले तीन की दोन दशांश तीन, हे कळत नाही. खरं × चिन्ह आता बहुतेक फोनवर चिन्हांच्या पानावर असतं. तेच घ्यावं.

एका ओळीत गणित लिहिण्याची अडचण आपल्याकडे नवी नाही, आणि तिचं एक अतिशय नेटकं उत्तर १२व्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात वापरलेलं दिसतं. तिथे अव्यक्ताला, म्हणजे आपल्या क्ष ला, यावत्तावत् म्हणत आणि लिहिताना फक्त 'या' लिहीत. दुसरं अव्यक्त कालक, म्हणून 'का'. तिसरं नीलक, म्हणून 'नी'. वर्गाला 'व', घनाला 'घ', नुसत्या संख्येला रूप म्हणून 'रू', करणीला 'क', दोन अव्यक्तांच्या गुणाकाराला भावित म्हणून 'भा'. सहगुणक अक्षराच्या नंतर. म्हणजे क्ष चा वर्ग अधिक २क्ष बरोबर १५ हे समीकरण असं मांडलं जाई:

याव १ या २ रू ०
याव ० या ० रू १५

एक बाजू वर, दुसरी खाली, आणि जे पद नाही त्याच्या जागी शून्य. बरोबरचं चिन्ह लागतच नाही; युरोपात रॉबर्ट रेकॉर्डने ते = चिन्ह छापलं १५५७ मध्ये. इथे घात वर चढत नाही, तो अक्षरानेच सांगितला जातो. साध्या मेसेजमध्ये आज ही दोन ओळींची मांडणी जशीच्या तशी पाठवता येते, काहीही न गमावता. अपवाद एकच: ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत, आणि ते टिंब फोनवर आकड्यावर बसवणं सोपं नाही. चाळीसगावजवळच्या पाटण गावातल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या मठात मुलांनी ही मांडणी गिरवली असणार.

आता आजच्या चिन्हांकडे. युनिकोड या जागतिक यादीत √, ∞, ∫, ≠, ≤, ∑, ∈ अशी शेकडो गणिती चिन्हं आहेत. गूगलच्या कळपाटीवर इंग्रजी मांडणीत २ चा आकडा दाबून धरला की ², १ दाबून धरला की ½ आणि ¼, बरोबरचं चिन्ह दाबून धरलं की ≠ आणि ≈ मिळतात. क्ष² हे क्ष^२ पेक्षा वाचायला कितीतरी सुखद आहे, आणि साध्या वर्गासाठी ते जरूर वापरावं. पण त्याच्या मर्यादा चटकन येतात. घात २(न + १) असेल तर वर चढलेलं 'न' कुठून आणणार? मराठी वाचकाची अडचण याहून मूळची आहे: घातांकासारखे वर चढलेले देवनागरी आकडे युनिकोडमध्ये नाहीत. २००९ साली देवनागरीचे काही छोटे आकडे यादीत आले खरे, पण ते सामवेदाचे स्वर दाखवण्यासाठी अक्षराच्या थेट डोक्यावर बसतात. घात म्हणून चालत नाहीत. म्हणून मराठीत क्ष² लिहिलं की सहगुणक देवनागरी आणि घात इंग्रजी असं मिश्रण होतं. मला ते खटकतं, तरी गोंधळ होत नाही म्हणून चालवून घेतो.

चढलेल्या आकड्याचा खरा धोका नकल करताना आहे. पीडीएफमधून किंवा वर्डमधून मजकूर उचलून मेसेजमध्ये चिकटवला की सजावटीने वर चढवलेला आकडा खाली उतरतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ × १०^८ मीटर. चिकटवल्यावर ते ३ × १०८ होतं, म्हणजे सेकंदाला ३२४ मीटर, हवेतल्या आवाजापेक्षाही कमी. फोन कुठेही लाल रेघ मारत नाही, कारण १०८ ही बिनचूक संख्या आहे. विज्ञानाच्या नोट्स पुढे पाठवताना मी सर्वात आधी दहाचे घात तपासतो.

याच जातीचा दुसरा चोर मेसेजिंग ॲपमध्येच बसलेला आहे. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका दिल्या की शब्द ठळक होतो आणि तारका नाहीशा होतात. खालच्या रेघांनी तिरका होतो. अशा वेळी गुणाकाराच्या तारका सजावट म्हणून खाल्ल्या जाऊ शकतात. त्याहून वाईट म्हणजे, २०२४ पासून ओळीच्या सुरुवातीला जोडरेघ आणि जागा आली की त्याची यादी होते. उत्तर म्हणून नव्या ओळीवर

- ५

असं लिहिलं, तर समोरच्याला ठिपका आणि ५ दिसतात. उणे पाचाचे अधिक पाच झाले. ओळीच्या सुरुवातीला > आलं तर ते अवतरणाची उभी पट्टी होतं. उपाय सोपा आहे: उत्तर नुसतं कधीच लिहू नका, क्ष = -५ असं लिहा, उण्याला संख्येशी चिकटवा. किंवा सगळी ओळ ` या चिन्हांच्या जोडीत टाका. त्यातला मजकूर ॲप जसाच्या तसा दाखवतं.

साध्या एसएमएसमध्ये हिशेब वेगळा. इंग्रजी मजकुराच्या एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, पण त्यात √ सारखं एक जरी चिन्ह टाकलं की सगळा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. मराठीला मुळातच ७०. त्यातही 'क्ष' हे आपल्याला एक अक्षर दिसलं, तरी क, हलन्त आणि ष अशा तीन जागा खातं; 'य' ला एकच लागते. एसएमएसवर गणित पाठवायची वेळ आलीच, तर चल म्हणून अ, ब, य घ्यावेत.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. मुलं एआयला प्रश्न विचारतात आणि उत्तर उचलून ग्रुपवर टाकतात. मग डॉलरची चिन्हं, उलट्या तिरक्या रेघा, महिरपी कंस आणि मध्येच 'फ्रॅक', 'स्क्वर्ट' असे शब्द दिसतात, आणि पालकांना वाटतं फाइल बिघडली. ती टेक नावाची लिपी असते. अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहून नाराज झाले आणि गणित नीट छापण्यासाठी त्यांनी ती घडवली. जगभरचे गणिती आजही तिच्यातच लिहितात. वाचायला घाबरू नये: फ्रॅकच्या पुढच्या पहिल्या महिरपी कंसात अंश, दुसऱ्यात छेद, ^ नंतर घात, _ नंतर निर्देशांक. म्हणजे तीही एका ओळीचीच लिपी आहे, आणि तिचाही सगळा भार कंसांवर आहे.

'एवढं कशाला, वहीचा फोटो काढून पाठवावा' असं कुणी म्हणेल. मोठी भूमिती किंवा आलेख असेल तर फोटोच हवा. पण फोटो शोधता येत नाही, त्यातली ओळ उचलून दुरुस्त करता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा फोन तो वाचून दाखवेलच याचा भरवसा नाही. (क्ष + १) / (य - २) ही ओळ मात्र पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, कंसासकट बोलू शकतो, फक्त त्याच्या सेटिंगमध्ये विरामचिन्हं वाचणं चालू हवं. टी. व्ही. रमण हे पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, वाडिया महाविद्यालयातून त्यांनी गणिताची पदवी घेतली आणि मग आयआयटी मुंबईत शिकले. पुढे कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली त्यांनी पीएचडीसाठी जे केलं ते हेच: टेकमध्ये लिहिलेलं गणित ऐकून समजेल अशा आवाजात बोलणारी प्रणाली. ते शक्य झालं, कारण टेकमध्ये कुठला गठ्ठा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मजकुरातच लिहिलेलं असतं. ग्रुपमध्ये असा एकही विद्यार्थी असेल, तर सूत्र लिहूनच पाठवणं हे त्याचं देणं आहे.

मोठं सूत्र आलं की कंसांत कंस शिरतात आणि वाचणारा हरवतो. तिथे सूत्र तोडावं. ∑ आणि ∫ यांच्या वर-खाली येणाऱ्या मर्यादा तर सरळ शब्दांत सांगाव्यात: 'क^२ ची बेरीज, क = १ ते १०'. वर्गसमीकरणाचं सूत्र, ज्याची दहावीत सगळ्यांना गाठ पडते, मी असं पाठवतो:

अ×क्ष^२ + ब×क्ष + क = ०
ड = ब^२ - ४×अ×क
क्ष = (-ब + √ड) / (२×अ)
किंवा क्ष = (-ब - √ड) / (२×अ)

२क्ष^२ + ५क्ष - ३ = ० घेऊन पाहा. अ = २, ब = ५, क = -३. ड = २५ + २४ = ४९, त्याचं वर्गमूळ ७. पहिली किंमत (-५ + ७) / ४ = ०.५, दुसरी (-५ - ७) / ४ = -३. दोन्ही समीकरणात घालून तपासल्या तर शून्य येतं. आता शेवटचा कंस काढा आणि (-५ + ७) / २×२ लिहा: नियमाने डावीकडून गेलं तर उत्तर २. ते समीकरणात घातलं तर ८ + १० - ३, म्हणजे १५. पहिला कंस काढा, -५ + ७ / ४, आणि उत्तर होतं -३.२५.